पगार किती आणि घर किती दिवस?
(मालवाहू वाहनांच्या चालकांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मालवाहतुकीच्या धंद्यात नोकरी बदलणे ही नवलाची गोष्ट नाही. एका मालकाची गाडी सोडून दुसऱ्या मालकाची गाडी धरण्याचा प्रसंग बहुतेक चालकांच्या आयुष्यात अनेकदा येतो. अशा वेळी चालकाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, "पगार किती देणार?" हा प्रश्न योग्यच आहे. संसार पैशावाचून चालत नाही. परंतु याच्या जोडीला दुसरा प्रश्न तितक्याच स्पष्टपणे विचारला जात नाही, आणि तो म्हणजे, "घरी किती दिवस राहावयास मिळणार?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळते, म्हणून ते लक्षात राहते. दुसऱ्याचे उत्तर "बघू, जमेल तसे" असे मिळते, म्हणून ते विसरले जाते. वस्तुतः या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच तराजूत घालून पाहिल्याखेरीज नोकरीची खरी किंमत कळत नाही. ते वजन कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वाचलेले तास कोणाचे?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मालमोटारीचा बराच वेळ जकात नाक्यांवर आणि तपासणी नाक्यांवर जात असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरील रांगा आखूड झाल्या. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला व ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पाही वाहतुकीस मोकळा झाला. रस्ते रुंदावले, घाट सुलभ झाले, गाड्यांची इंजिने अधिक शक्तिमान झाली.

या सर्व सुधारणांमुळे प्रवासाचे तास वाचले, हे निर्विवाद आहे. पण ते वाचलेले तास कोणाच्या वाट्याला आले? बहुतेक ठिकाणी त्या तासांत आणखी एक खेप बसविली गेली. गाडी उभी राहिली तर हप्ता निघत नाही, हा मालकाचा हिशेब त्याच्या बाजूने चुकीचा नाही. मात्र चालकाने आपलाही हिशेब मांडला पाहिजे. रस्त्याने वाचवून दिलेल्या तासांपैकी काही तास आपल्या घराकडे यावेत, अशी मागणी करण्याचा क्षण नोकरी स्वीकारण्याच्या वेळीच असतो. एकदा गाडीची किल्ली हाती आली की तो क्षण निघून जातो.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. लोणंदच्या परिसरातील एक चालक, पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वृद्ध वडील. या चालकासमोर दोन नोकऱ्या आहेत, असे समजू. पहिली न्हावा-शेवा बंदरातून दिल्लीकडे जाणाऱ्या कंटेनर गाडीवरची. दुसरी शिरवळ औद्योगिक क्षेत्रातून चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोहोचविणाऱ्या गाडीवरची. पुढील आकडे कल्पित आहेत. ज्याने त्याने त्या जागी आपले आकडे घालावेत.

पहिल्या नोकरीत महिना १८,००० रुपये पगार आणि रस्त्यावरील प्रत्येक दिवसाला ५०० रुपये भत्ता. महिन्यात २६ दिवस रस्त्यावर गेले तर भत्त्याचे १३,००० रुपये होतात. एकूण ३१,००० रुपये. दुसऱ्या नोकरीत सर्व वजावट होऊन हातात पडणारा पगार २०,००० रुपये, भत्ता नाही. वरवर पाहता फरक ११,००० रुपयांचा. कोणीही पहिल्या नोकरीकडे धाव घ्यावी असाच.

आता खर्च मांडावा. रस्त्यावर दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि चहा यांस दिवसाला ३०० रुपये धरले तर २६ दिवसांचे ७,८०० रुपये होतात. अंघोळ, गाडी उभी करण्याचे पैसे व इतर किरकोळ खर्च दिवसाला ६० रुपये, म्हणजे १,५६० रुपये. डिझेलच्या हिशेबात घट आली म्हणून होणारी कपात सरासरी १,००० रुपये. एकंदर १०,३६० रुपये वजा जाता घरी पोहोचणारी रक्कम २०,६४० रुपये. दुसऱ्या नोकरीत डबा घरचा. चहापाण्याचे महिना १,३०० आणि शिरवळपर्यंत दुचाकीने जाण्यायेण्याचे १,२०० रुपये वजा केले तर उरतात १७,५०० रुपये. म्हणजे ११,००० रुपयांचा तो मोठा फरक प्रत्यक्षात ३,१४० रुपयांवर आला.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर चालविणे, माल भरण्याची वाट पाहणे, बंदराबाहेर रांगेत थांबणे हे सारे धरून दिवसाचे १४ तास गेले तर महिन्याचे ३६४ तास होतात. तासाची मिळकत सुमारे ५७ रुपये. दुसऱ्या नोकरीत दिवसाचे १० तास धरले तरी २६० तास होतात आणि तासाला सुमारे ६७ रुपये पडतात. ज्या नोकरीचा पगार मोठा, तिचा तास स्वस्त, असा उलटा निकाल येथे लागतो.

दुसऱ्या नोकरीत मालक भविष्य निर्वाह निधीचा आपला हिस्सा भरीत असेल आणि पहिल्या नोकरीत ती सोय नसेल, तर आणखी एक रक्कम विचारात घ्यावी लागते. १५,००० रुपये वेतनावर १२ टक्क्यांप्रमाणे मालकाचा हिस्सा १,८०० रुपये होतो. तो आज हातात दिसत नाही. पण निधी व निवृत्तिवेतन योजनेत चालकाच्या नावे जमा होतो. तो धरला तर फरक अवघा १,३४० रुपयांचा राहतो. पहिल्या नोकरीत महिन्याच्या ४ रात्री घरी, दुसरीत सर्व ३० रात्री. अधिकच्या २६ रात्रींनी १,३४० रुपयांना भागले तर एका रात्रीची किंमत सुमारे ५२ रुपये येते. रात्री मुलांजवळ बसणे, वडिलांची औषधे वेळेवर देणे आणि आपल्या अंथरुणावर निजणे यांसाठी ५२ रुपये मोजणे महाग की स्वस्त, हे त्या घराने ठरवावयाचे आहे.

घराचे मत

हे "त्या घराने" म्हणण्यास कारण आहे. नोकरीचा निर्णय पुष्कळदा अड्ड्यावर, चहाच्या टपरीवर होतो आणि घरी तो नुसता कळविला जातो. परंतु चालक रस्त्यावर असताना घर चालते ते पत्नीच्या बळावर. शिधापत्रिकेचे काम, शाळेतील पालकसभा, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती, म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना ही सारी कामे तिच्याच माथी येतात. या श्रमाचा पगार कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. वरील हिशेबातील ३,१४० रुपयांत तिच्या श्रमाचाही मोबदला आहे, हे विसरून चालणार नाही.

अशा घरात हिशेबाची वही पुढे ठेवून चालक म्हणेल, "तीन हजार जास्त येतील. पोरांची फी निघेल." यावर पत्नी म्हणेल, "अहो, पैसे येतील हे खरं. पण मामांना रात्री दम लागला तर मी कुणाला हाक मारू? तुमचा फोन लागेल, पण तुम्ही असाल राजस्थानात." या दोन वाक्यांत दोघांचेही खरे आहे. नोकरी निवडण्यापूर्वी हे संभाषण घडणे महत्त्वाचे. ते नोकरी धरल्यावर घडले तर त्याला भांडणाचे रूप येते.

लांब पल्ला केव्हा योग्य?

याचा अर्थ लांब पल्ल्याची नोकरी वाईट, असा मुळीच नव्हे. देशाचा व्यापार याच गाड्यांवर चालतो. लासलगावचा कांदा, सांगलीची हळद आणि जळगावची केळी दूरच्या बाजारपेठांत पोहोचतात त्यांत चालकाच्या जागरणाचा मोठा वाटा आहे. अविवाहित तरुणाला रस्ते, भाषा आणि मोठी गाडी शिकण्यास ही नोकरी उपकारक ठरते. ज्याच्या घरी धाकटा भाऊ किंवा आईवडील धडधाकट आहेत, त्याला काही वर्षे बाहेर काढणे सोपे जाते.

कर्जाचा प्रसंगही असाच. एखाद्या घरावर दरमहा ३ टक्के दराचे १,००,००० रुपयांचे देणे असेल तर नुसते व्याजच महिन्याला ३,००० रुपये होते. मघाच्या उदाहरणातील अधिकची मिळकत जवळजवळ तेवढीच आहे. अशा वेळी लांब पल्ला पत्करणे समजण्यासारखे आहे. मात्र त्याआधी तेच देणे बँकेच्या किंवा सहकारी पतसंस्थेच्या कमी व्याजाच्या कर्जाने फिटते काय, हे पाहावे. आणि लांब पल्ला पत्करलाच तर त्याला मुदत घालावी. "देणे फिटेपर्यंत" किंवा "मुलगी दहावीला जाईपर्यंत" अशी मर्यादा आधीच ठरलेली बरी. मर्यादा नसलेली तडजोड हळूहळू सवय होऊन बसते आणि मुले केव्हा मोठी झाली हे चालकाला छायाचित्रांवरून कळते.

दिवसांपेक्षा निश्चिती मोलाची

घरच्या वेळेचा विचार करताना केवळ दिवस मोजणे पुरेसे नाही. राज्य परिवहनाच्या मुक्कामी गाडीचा चालकही रात्री घराबाहेर असतो; पण आपली कामगिरी कोणत्या दिवशी आहे आणि घरी केव्हा पोहोचणार, हे त्याला वेळापत्रकावरून आधी ठाऊक असते. त्यामुळे पेरणी, लग्नकार्य, दवाखाना यांची आखणी करता येते. मालगाडीवरील चालकाला मात्र पुण्यापर्यंत येऊनही घर गाठता येत नाही, कारण परतीचे भाडे मिळाल्याबरोबर गाडी तशीच बंगळूरकडे वळते. महिन्यातून सहा दिवस, पण केव्हा ते अनिश्चित, यापेक्षा महिन्यातून चारच दिवस, पण ठरलेल्या तारखांना, ही नोकरी अनेक घरांना अधिक सोयीची ठरते.

शिवाय घरी मिळालेला दिवस कोणत्या अवस्थेत मिळतो, हेही पाहिले पाहिजे. तीन रात्रींचे जागरण करून आलेला चालक सुट्टीचा दिवस झोपेत काढतो. तो दिवस सुट्टीचा नव्हे, दुरुस्तीचा होय.

जुन्या काळी टपाल टप्प्याटप्प्याने जात असे. एका टप्प्याचा हलकारा पुढच्या टप्प्यावर थैली सोपवून परत फिरे. हेच तत्त्व काही वाहतूक कंपन्यांनी मालमोटारींना लावले आहे. गाडी पुढे जाते, चालक मात्र चार-पाच तासांच्या अंतरावर बदलतो आणि दुसरी गाडी घेऊन आपल्या ठिकाणी परततो. माल लवकर पोहोचतो आणि चालकही घरी पोहोचतो. ज्या मालकाकडे अशी व्यवस्था असेल, तेथे पगार थोडा कमी असला तरी विचार अवश्य करावा.

झोप ही घरचीच बाब

जागरणाचा प्रश्न घरच्या वेळेपासून वेगळा काढता येत नाही. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उणावते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. आपल्या देशात कायद्याने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. जो चालक दारूला शिवतही नाही, तोदेखील केवळ जागरणाने या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत जाऊ शकतो. पहाटे दोन ते पाच हा काळ तर विशेष धोक्याचा. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील प्रत्येकाची कोणीतरी घरी वाट पाहत होते.

म्हणून नोकरी निवडताना गाडीही पाहावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाच्या कक्षास वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. विदर्भातील मे महिन्यात ज्याने लोखंडी कक्षात दुपारची झोप घेण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला याचे मोल सांगावयास नको. गाडी जुनी असेल तर निदान झोपण्याची जागा, टायर आणि ब्रेक यांची स्थिती डोळ्यांनी पाहून मगच होकार द्यावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ या कायद्याने चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरविली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती वाढविता येई. परंतु दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपलीकडे नाही. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दिवसाला ८ तासांचे काम, आठवड्यातून एक दिवस विश्रांती, जादा कामास दुप्पट दराने वेतन, दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आणि कामगारास नियुक्तिपत्र, ही तिची प्रमुख सूत्रे आहेत.

अनेक चालकांना आजवर नियुक्तिपत्र म्हणून कागदाचा तुकडाही मिळालेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. तोंडी बोलीवर धंदा चालतो आणि तोंडी बोलीवरच तो मोडतो. म्हणून नियुक्तिपत्र मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो हक्क आहे, आणि सरळ व्यवहार करणाऱ्या मालकाला त्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

होकारापूर्वीचे प्रश्न

पुढील प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून कोणत्याही गाडीची किल्ली हाती घेऊ नये.

पगार महिन्याचा की खेपेचा? गाडी दुरुस्तीसाठी किंवा भाड्याअभावी उभी राहिली तर त्या दिवसांचे काय?

भत्ता दिवसावर की खेपेवर? बंदरात वा कारखान्याच्या दाराशी तीन दिवस थांबावे लागले तर त्या दिवसांची खुराकी कोण देणार?

डिझेलचा मेळ कसा घालतात? घाटातील, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा सरासरी वापर वेगळा धरतात काय?

वाराई, पंक्चर आणि ई-चलन यांचा भार कोणावर? गाडीत मर्यादेपेक्षा अधिक माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. तो मालकाने भरावयाचा, हे आधी लिहून घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे असा माल भरण्यास नकार देण्याची मुभा आहे काय, ते विचारावे.

सुट्टी कोणत्या तारखांना? ती सुरू होते ती गाडी सोडल्यापासून की घरी पोहोचल्यापासून? गाडी परगावी सोडल्यास घरी येण्याचे भाडे कोण देणार?

अपघात झाल्यास विमा किती, आणि घरच्यांनी कोणाकडे जावयाचे?

मालकाची उत्तरे ऐकल्यावर त्याच मालकाच्या दोन-तीन चालकांना ढाब्यावर किंवा ट्रान्सपोर्टनगरात गाठावे. त्यांना पगार विचारू नये. तो मालकाने सांगितलेलाच असतो. त्यांना एवढेच विचारावे, "मागची दिवाळी कुठे झाली?" या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या नोकरीचा बहुतेक सारा इतिहास येतो.

मालकांसाठीही दोन शब्द

घरच्या वेळेचा प्रश्न केवळ चालकाच्या हिताचा नाही. चांगला चालक गाडी सोडून गेला की गाडी उभी राहते, नव्या माणसाच्या हाती ती देताना डिझेल, टायर आणि गिअरपेटी यांवरील खर्च वाढतो, अपघाताचा धोकाही वाढतो. ठरलेल्या तारखेला चालकाला घरी पाठविणाऱ्या मालकाकडे चालक टिकतो. पगार वाढविण्याची ऐपत ज्या लहान मालकाकडे नाही, त्याच्याकडेही देण्यासारखे एक मोलाचे वेतन आहे, आणि ते म्हणजे पाळलेला शब्द.

चालकबंधूंनो, गाडीत किती टन माल भरला हे वजनकाट्यावर कळते. नोकरीचे वजन करावयाचे असेल तर एका पारड्यात मिळकत आणि दुसऱ्या पारड्यात घरचे दिवस ठेवावे लागतात. हा काटा प्रत्येकाच्या घरात आहे. आज घरी गेल्यावर एक वही घ्यावी, एका पानावर पैसे आणि समोरच्या पानावर दिवस लिहावेत, आणि तो हिशेब एकट्याने न करता घरातील सर्वांना जवळ बसवून करावा. त्यातून निघणारा निर्णय लांब पल्ल्याचा असो की जवळच्या पल्ल्याचा. तो समजून-उमजून घेतलेला असेल आणि त्यामागे सारे घर उभे असेल. अशा चालकाचा हात स्टिअरिंगवर स्थिर राहतो.